खिंडीतले मागचे

फार पूर्वी, पण सायकली आल्या होत्या इतपत अलीकडे, एका गावात एक सुईण राहत होती. तिच्या हाताला असा गुण होता, की अडलेल्या बाईनं दारात तिचा आवाज ऐकला तरी तिला निम्मं मोकळं झाल्यासारखं वाटायचं. गावात आणि पलीकडच्या सात वाड्यांत तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. तिचं खरं नाव बहुधा तिलाही आठवून सांगावं लागलं असतं.

गाव डोंगराच्या अलीकडे होतं आणि वाड्या पलीकडे. मधे एक खिंड होती, इतकी अरुंद की बैलगाडी शिरली तर दोन्ही बाजूंनी घासून अडकून बसायची. गाडीनं जायचं तर तळ्याला वळसा घालावा लागे, आणि सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोहोचे. म्हणून त्या गावात झाडून सगळे सायकल चालवत. कुंभार चालवी, गुरव चालवी, आणि लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, पिशवी हँडलला अडकवून बाईही चालवी. रोज उजाडता उजाडता ती खिंड पार करायची, वाड्यांवरच्या पोटुशा बायकांना बघायची आणि जेवणवेळेपर्यंत परत यायची. कुणाचे दिवस भरलेले नसले तरी जायची.

आता त्या खिंडीविषयी सांगायला हवं. तिथं मागचे राहत.

माणसाची चाळिशी उलटेपर्यंत मागचे त्याला जाणवत नसत. पोरंसोरं शीळ घालत खिंडीतून निघून जात. मग कधीतरी, एखाद्या साध्यासुध्या सकाळी, खिंडीच्या तोंडाशी मागून कुणीतरी अलगद कॅरियरवर बसे. कॅरियर करकरे, मागचं चाक जरासं दबे आणि मानेवर थंड श्वास लागे. त्यात ओलसर दगडाचा वास असे. ज्याचे त्याचे मागचे वेगळे. ते बोलत नसत, हात लावत नसत. खिंड संपली की आपणहून उतरत आणि आपल्या जागी परत जात. ज्यांची भीती वाटते त्यांना आपण अहोजाहोच करतो, तसं गावही त्यांना आदरानं 'मागचे' म्हणे.

त्यांच्या बाबतीत गावाचे तीन नियम होते. खिंडीत कॅरियर मोकळा ठेवायचा, त्यावर सामान बांधायचं नाही की माणूस बसवायचा नाही. मागे वळून बघायचं नाही. आणि त्यांना मधेच उतरवायचं नाही, म्हणजे खिंड संपेपर्यंत आपला पाय जमिनीला टेकवायचा नाही. पहिला नियम एका नवऱ्यानं मोडला होता. त्यानं नव्या नवरीला कॅरियरवर बसवून खिंड पार केली. पलीकडे पोहोचला तेव्हा मागे नवरीच बसलेली होती, पण ती त्याला ओळखेना. पुढची अकरा वर्षं तिनं त्याच्या घरात पाहुणीसारखे दिवस काढले. त्यानंतर पहिला नियम कुणी मोडला नाही. तिसरा नियम का आहे ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

बाईचे मागचे तिच्या बेचाळिसाव्या वर्षी बसू लागले. पहिले काही दिवस तिच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. पुढं सवय झाली, आणि दहा वर्षांत तर इतकी सवय झाली की मागं कुणी बसलंय हे ती खिंडीच्या मध्यावर येईपर्यंत विसरलेली असे.

बावन्नाव्या वर्षी तिला ताप आला. नऊ दिवस ती अंथरुणाला खिळली. दहाव्या दिवशी सायकल काढून ती खिंडीत शिरली, मागचे बसले, आणि बाईच्या तोंडून आपसूक "अगं आई" निघालं. कॅरियरवर कुणी जात्याची तळी ठेवावी तसं ते वजन होतं. मांड्या भरून आल्या, छातीचा भाता झाला. कशीबशी ती पलीकडे पोहोचली आणि बांधावर बसून राहिली.

तिच्या मागून गावचा शिंपी आला. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा माणूस. तो दोरे आणायला रोज पलीकडे जायचा. खरं तर दोरे आठवड्यातून एकदा आणले असते तरी पुरले असते.

"काय झालं बाई?"

"काका, माझे मागचे फुगलेत. नऊ दिवसांत दुप्पट झालेत."

शिंपी हसला. "नऊ दिवस सायकल बंद होती ना, मग असंच वाटणार. आणखी नऊ दिवस न चुकता चालवा, आपोआप हलके होतील. माझं दर पावसाळ्यात हेच होतं."

बाईला ते पटलं नाही. शहाण्या माणसाची एक खोड असते, दुसऱ्यानं सोपा उपाय सांगितला की त्याला तो उपाय वाटतच नाही. घरी येऊन ती विचार करत बसली. मागचे पायी चालणाऱ्यावर बसत नाहीत. बैलगाडीत बसत नाहीत. बसतात ते फक्त सायकलवर. मग सायकलच नको. आजवर आपण लोकांच्या दारी गेलो, आता लोक आपल्या दारी येतील. एवढं नाव काय उगीच कमावलं?

तिनं सायकल पडवीच्या आढ्याला उलटी टांगली, चाकं वर आणि कॅरियर खाली. तरीही मनाची खात्री पटेना म्हणून कॅरियरवर बोरीच्या काट्यांची फांदी घट्ट बांधली. या गावाशिवाय दुसऱ्या कुठल्या गावात असली शक्कल कुणाला सुचली असती असं वाटत नाही.

पहिला महिना मजेत गेला. बाई ऊन अंगणात येईपर्यंत झोपायची. पोटुशा बायका तळ्याच्या वळशानं गाडीत बसून यायच्या, येताना तूप आणि गूळ आणायच्या. बाई झोपाळ्यावर बसून त्यांची नाडी बघायची. शिंपी येता-जाता दारात थांबून सायकलकडे बघे.

"बाई, उद्या येता का बरोबर? हळूहळू जाऊ."

"बघू," बाई म्हणायची. बघू म्हणजे नाही, हे शिंप्याला कळत होतं.

दुसऱ्या महिन्यात एका दुपारी बाई झोपाळ्याच्या एका टोकाला बसली होती. घरात कुणी नव्हतं. ऊन कडक होतं, कावळासुद्धा ओरडत नव्हता. एकाएकी झोपाळ्याची कडी करकरली आणि फळीचं दुसरं टोक हळूच खाली गेलं. बाईनं तिकडे बघितलं. तिथं कुणीच नव्हतं. पण फळी खाली गेली ती तशीच राहिली, आणि भर दुपारी बाईच्या मानेवर थंड श्वास लागला.

खिंडीत वाट बघून बघून मागचे पायी चालत घरी आले होते.

त्या दिवसापासून ते गेले नाहीत. बाई जेवायला बसली की शेजारचा पाट जमिनीवर सरकायचा. सकाळी डोळा उघडायचा तेव्हा तिच्या दोन्ही गुडघ्यांवर कुणीतरी बसलेलं असायचं आणि उठताना भिंत धरावी लागायची. विहिरीवरून घागर आणली की तिला धाप लागायची. झोप तर उडालीच. अंथरुणावर पडून ती आढ्याकडे बघायची. वर टांगलेलं चाक वारा नसताना हळूहळू फिरायचं. तूप-गुळानं अंग सुटलं होतं आणि अंगात ताकद मात्र उरली नव्हती. वैद्यानं चाटण दिलं, गुरवानं अंगारा लावला. मागचे दोन्ही वेळा शेजारीच बसून होते.

शिंप्याला तिनं हे सांगितलं तेव्हा तो वर टांगलेल्या सायकलकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सायकलवर होते तेव्हा जाता-येता पाव-पाव तास होते, बाई. आता दिवसभर आहेत."

तिला राग आला, कारण तिलाही तेच वाटलं होतं.

असे सात महिने गेले. बाईची एकुलती एक लेक पलीकडच्या शेवटच्या वाडीवर दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी बाईच्याच हातून झालं होतं, दुसरं सासरी व्हायचं होतं. आठवा महिना चालू होता. बाई नवव्याला गाडी करून जाणार होती.

एक दिवस पहाटे, तांबडं फुटायच्या सुमाराला, जावई सायकल फेकूनच दारात आला. त्याला श्वास पुरत नव्हता.

"आई, कळा सुरू झाल्यात. पाणी गेलंय. वाडीवरची म्हातारी म्हणते बाळ आडवं आहे, मला जमायचं नाही."

 आडवं मूल फिरवायचं कसब पंचक्रोशीत एकट्या तिच्याच हातांत होतं. गाडीनं जायचं तर संध्याकाळ होईल. पायी गेली तर दुपार, आणि हल्ली ती पायी देवळापर्यंतसुद्धा धड जात नव्हती.

"माझ्यामागं बसा," जावई म्हणाला. "नियम गेला चुलीत."

"नको," बाई म्हणाली. "लेकीकडे पोहोचेन आणि ती कोण ते मला कळणार नाही. सायकल खाली काढा."

त्यानं सायकल काढली. बाईनं बोरीची फांदी नुसत्या हातांनी ओढून तोडली, तळव्यांतून रक्त आलं ते लुगड्याला पुसलं. जावयानं दोन्ही चाकांत हवा भरली.

"तुम्ही पुढं व्हा," ती त्याला म्हणाली. "पाणी उकळत ठेवा, तेल कोमट करा, आणि तिला डाव्या कुशीवर निजवा. मी आलेच."

तो वाऱ्यासारखा गेला. आपण त्याच्या मागोमाग पोहोचणार नाही हे बाईला पायडलवर पाय ठेवताच कळलं. सपाट रस्त्यावरच तिच्या मांड्या थरथरत होत्या. खिंडीच्या तोंडाशी ती आली तेव्हा उजाडलं होतं, तरी खिंडीत अजून करडा अंधार होता. कॅरियर करकरला. मागचे तिच्याबरोबर घरून आले होते, ते आता बसले.

सायकल जागच्या जागी डगमगली. बाईनं सगळं अंग पुढं टाकलं आणि पायडल दाबलं. एक फेरा झाला, मग दुसरा झाला. कानात रक्त घणासारखं वाजू लागलं. एरवी पाव तासाची ती खिंड आज संपेचना. दगडी भिंती दोन्हीकडून जवळ आल्यासारख्या वाटत होत्या. खिंडीच्या बरोबर मध्यावर, चढ सुरू होतो तिथं, चाक फिरायचं थांबलं. बाईचा पाय जमिनीला टेकला.

मागचे बसलेले असताना आजवर खिंडीत कुणाचाच पाय टेकला नव्हता. सगळीकडे शांत झालं. आणि दहा वर्षांत पहिल्यांदा मागचे बोलले.

"उतरू का?"

आवाज मऊ होता, आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसा.  मान वळवायची नाही एवढंच बाईला आठवलं.

"तुम्ही इतके जड का झालात?" ती म्हणाली. "मी तुमचं काय वाकडं केलं?"

"माझं वजन तेवढंच आहे, बाई. पहिल्या दिवशी बसलो तेव्हा जेवढं होतं तेवढंच. तसूभर वाढलं नाही. तुम्ही रोज वाहत होता म्हणून तुम्हाला कळत नव्हतं."

 शिंप्याचं हसू बाईच्या डोळ्यांसमोर आलं.

"उतरू का?" मागच्यांनी पुन्हा विचारलं. "तुमचा पाय टेकला, आता मला उतरता येतं. मी उतरलो की तुम्ही हलक्या व्हाल, पिसासारख्या जाल."

त्या क्षणी बाईच्या जिभेवर 'उतरा' आलं होतं. ती पार थकली होती आणि पलीकडे लेक तडफडत होती. हलकं होऊन लवकर पोहोचायचं, याहून दुसरं काय हवं होतं? पण तीस वर्षं बाळंतिणींच्या उशाशी बसलेली बाई होती ती. गोड आवाजात कुणी फुकट काही देऊ केलं की एक प्रश्न विचारून घ्यावा, हे ती शिकलेली होती.

"उतरून तुम्ही कुठं जाल?"



"मग मी मागचा राहणार नाही. पुढं जाईन. मी पायी चालतो, पण सायकलच्या आधी पोहोचतो. तुम्ही जिथं निघाला आहात त्या दारात तुमच्या आधी मी उभा असेन."

तिसरा नियम का आहे ते बाईला तेव्हा कळलं. लेकीच्या दारात हे आधी उभे. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते भीतीचं नव्हतं, स्वतःच्या रागाचं होतं. सात महिने झोपाळ्यावर बसून तिनं आपले पाय मोडून घेतले होते, आणि ते लेकीला भोवत होतं.

"बसा," ती म्हणाली. "घट्ट बसा आणि मी सांगेपर्यंत हलू नका."

"पेलवेल?"

"ते माझं मी बघते."

तिनं पाय उचलला. पहिलं पायडल तिनं लेकीच्या नावानं मारलं, दुसरं बाळाच्या. मग पुन्हा लेकीच्या, पुन्हा बाळाच्या. गुडघ्यांत सुया टोचत होत्या, तोंडाला खारट चव आली होती, सायकल गोगलगायीच्या चालीनं सरकत होती, पण पाय पुन्हा टेकला नाही. मानेवर थंड श्वास लागतच होता. तो जोवर मागून लागतोय तोवर बरं आहे, एवढंच ती मनाशी म्हणत राहिली. खिंड संपली. मागचे नेहमीसारखे उतरले नाहीत. हलू नका म्हणून सांगितलं होतं, ते हलले नाहीत. पुढच्या दोन मैलांची वाट, वाडीचा ओढा, शेवटचा चढ, सगळं त्यांना घेऊनच पार झालं.

लेकीच्या घराच्या भिंतीला सायकल टेकवून बाई आत शिरली तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. विहीणबाईंनी तिला धरून बसवलं, तोंडावर पाणी मारलं.

"तासभर तुमची वाट बघतेय पोर," त्या म्हणाल्या. त्यांनी दोष दिला नव्हता, पण बाईच्या काळजाला ते लागायचं तसं लागलं.

तिनं हात धुतले, तेल घेतलं आणि लेकीच्या पोटावर हात ठेवला. पाय कापत होते, पण हात नाही कापले. मूल हळूहळू फिरलं. घटकेभरानं ते बाहेर आलं, निळं, गप्प. मुलगी होती. बाईनं तिला उलटी धरून पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. काही नाही. बाईची नजर उघड्या दारातून बाहेर गेली. भिंतीला टेकलेल्या सायकलचं मागचं चाक अजून दबलेलं होतं. ते होते तिथंच बसले होते.

बाईनं दुसऱ्यांदा फुंकर घातली, मग तिसऱ्यांदा. मूल रडलं. "आता जा," बाई दाराकडे बघत पुटपुटली.

बाहेर ते चाक सावकाश वर आलं. अंगणातून थंड वाऱ्याची एक झुळूक उठली आणि ओढ्याच्या वाटेनं खिंडीकडे निघून गेली. विहीणबाईंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला आणि दार लावलं.

लेक वाचली, नातही वाचली. पण त्या एका तासात लेकीचं इतकं रक्त गेलं की तीन महिने तिला उठून बसता आलं नाही. आपण पूर्वीसारखे असतो तर तो तास गेला नसता, हे बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. कुणी सांगितलंही नाही, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटत राहिलं.

तिथून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती शिंप्याच्या दारात सायकल घेऊन उभी राहिली.  शिंप्यानं टोपी घातली आणि सायकल काढली. पहिले नऊ दिवस बाई रडकुंडीला आली. दहाव्या दिवशी खिंडीच्या मध्यावर तिच्या लक्षात आलं की आपण परवाच्या कालवणाचा विचार करतोय. तीन महिन्यांत भिंत न धरता उठता येऊ लागलं. झोप परत आली, भूक परत आली, घागर घेऊन ती बोलत बोलत विहिरीवरून येऊ लागली. झोपाळ्याचं दुसरं टोक पुन्हा कधी खाली गेलं नाही. जायचं कारण असलं तर ती जायची, नसलं तर खिंडीपलीकडची हवा बघून यायची. आजारी पडली तर बरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, थोडी का होईना, पण सायकल काढायची.

अशी आणखी सदतीस वर्षं गेली. शिंपी गेला, विहीणबाई गेल्या. ती नात मोठी होऊन आजीकडून सुईणीचं काम शिकली. आजी एकोणनव्वद वर्षांची झाली तरी नातीला चढावर तिला गाठताना दम लागायचा.

मग एका सकाळी बाई एकटीच निघाली. हवा छान होती, पाय हलके होते. खिंडीच्या तोंडाशी ती आली, पण कॅरियर करकरला नाही. मानेवर श्वास लागला नाही. तिनं समोर बघितलं. वाटेच्या मधोमध कुणीतरी उभं होतं. इतकी वर्षं ज्यांना वळून बघायचं नव्हतं, त्यांचा चेहरा आता समोर होता, आणि तो घाबरवणारा नव्हता. पुष्कळ लांबचा प्रवास बरोबर केलेल्या माणसाचा असावा तसा होता.

बाईनं पाय टेकवला.

"फार वाहिलंत मला," ते म्हणाले. "आता सायकल मी चालवतो. तुम्ही मागं बसा."

बाईनं हँडल त्यांच्या हातात दिलं, लुगडं सावरलं आणि एका अंगाला पाय सोडून ती कॅरियरवर बसली. सायकल निघाली. चढ आला तेव्हा तिनं सवयीनं विचारलं, "जड होत नाही ना मी?"

"अजिबात नाही," ते म्हणाले.

तात्पर्य: म्हातारपण आणि त्याच्यामागून येणारं मरण कुणालाच टळत नाही, पण जो रोज थोडी सायकल चालवतो, त्याच्या ते पुष्कळ वर्षं मागंच बसून राहतं.